आधी पहिला, मग सातवा

सुरुवात कुठून करावी, हा माणसापुढचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. शेवट कुठे करायचा हे बहुतेक वेळा दुसरेच कुणीतरी ठरवते. सुरुवात मात्र आपल्या हातात असते, आणि ती चुकली की पुढचे सगळे चुकत जाते. धर्मग्रंथांनी, राज्यघटनांनी आणि आम्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये तो माझ्यापुढे आला तेव्हा मी जालन्यात, मस्तगडातल्या चुलतभावाच्या घरी कैरीचे पन्हे पीत बसलो होतो. विचारणारी त्याची मुलगी, ईश्वरी. तिची नववीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते, आणि प्रश्न एका जपानी व्हिडिओ गेमबद्दल होता.

“काका, तुम्ही आणि पप्पांनी खेळलाय ना हा? मंग सांगा, कोणत्या पार्टपासून सुरू करू?”

ही मालिका जवळजवळ माझ्या वयाची आहे. पंधरावर भाग निघाले, अजून निघताहेत. प्रत्येक भागात चार-पाच जणांची एक टोळी जग वाचवायला निघते आणि वाटेत पन्नास-साठ तास भटकते. ईश्वरीने इंटरनेटवर चौकशी केली होती. तिथे या प्रश्नाचे तीन पंथ आहेत. एक म्हणतो, क्रमानेच खेळा. दुसरा म्हणतो, सर्वोत्तम आधी खेळा. आणि सर्वोत्तम कोणता यावरून त्याचे पुन्हा सात उपपंथ आहेत. तिसरा म्हणतो, नवीन घ्या, जुन्यात काय ठेवले आहे. तिन्ही पंथांचे आचार्य एकमेकांना अडाणी म्हणतात. मी विद्यापीठांत चर्चासत्रे ऐकली आहेत. दर्जा साधारण तोच असतो, फक्त इथे जेवणाची कुपने नसतात.

मी तोंड उघडण्याआधीच आतल्या खोलीतून तिच्या वडिलांचा, म्हणजे दादाचा, आवाज आला, “पहिल्यापासून!”

मी पेला खाली ठेवला. हाच शब्द मी वीस वर्षांपूर्वी याच घरात, याच माणसाच्या तोंडून ऐकला होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याने मला फसवले. मग मीही त्याला फसवले. त्याची फसवणूक मला माहीत होती. माझी त्याला कळू नये म्हणून मी वीस वर्षे जपून बोलत आलो. मला सख्खा भाऊ नाही. एवढे एकच कारण होते, आणि ते पुरेसे होते.

एप्रिल आला की मला अजूनही गव्हाच्या चिकाचा वास येतो. त्या उन्हाळ्यात काकूंनी गच्चीवर धोतर अंथरून कुरडया घातल्या होत्या आणि घरभर तो आंबूस, ओला वास भरून राहिला होता. मी हसनाबादहून बारावीच्या व्हेकेशन क्लाससाठी काकांकडे राहायला आलो होतो. सकाळी सात ते अकरा क्लास. अकराला परतताना रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत असे. नळ आठवड्यातून एकदा येई, आणि तो आला की गल्लीतले सगळे वैर तेवढा तासभर थांबे किंवा सुरू होई. खिडकीतल्या कूलरच्या वाळ्यावर पाणी पडले की दोन मिनिटे खोलीत थंड हवेच्या डोंगरावर आल्यासारखे वाटे. मग लाईट जाई.

लाईट जाण्याचे वेळापत्रक होते. वर्तमानपत्रात छापून येई. काका सिंचन खात्यात कारकून. छापील कागदावर त्यांची श्रद्धा. त्यांनी ते कात्रण भाताच्या खळीने संगणकाच्या वर भिंतीला चिकटवले होते. एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, आणि रविवारच्या चौकटीत नुसती आडवी रेघ. रविवारी लाईट जात नसे. घरातले दळण, इस्त्री, मोटार, सगळे या कागदावर चाले. आमचे जग वाचवणेही त्यावरच चालले.

कारण या खेळात कुठेही थांबता येत नाही. गावात जाऊन, सरायीत मुक्काम करूनच झालेला प्रवास जतन होतो. मध्येच लाईट गेली तर मागच्या मुक्कामापासून सगळे पुन्हा. त्यामुळे दोनला लाईट जाणार असेल तर पावणेदोनला आमचे वीर, राक्षस समोर उभा असला तरी, पाठ फिरवून सरायीकडे पळत. जगाचा नाश वेळापत्रकाप्रमाणे तहकूब होई.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नाव गजानन, पण मी दादाच म्हणायचो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे तीन विषय राहिल्यामुळे तो घरी बसून अभ्यास करत होता, म्हणजे घरी बसून होता. कुण्या मित्राने त्याला या मालिकेच्या सीड्यांची चळतच आणून दिली होती. पहिल्या दिवशी त्याने त्या पत्त्यांसारख्या खाटेवर पसरल्या. सातव्या भागाची सीडी मी उचलली, कारण तिच्यावरचे चित्र चांगले होते. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

“पोथी मधूनच वाचतेत का रे, पम्या?”

“न्हाई.”

“मंग? श्रावणात एक अध्याय राह्यला तर तुझी आई काय करती?”

“पुन्हा पहिल्यापासून वाचती.”

“बराबर. पहिल्यापासून. एक झाला की दोन, दोन झाला की तीन. सातवा आपल्याला दिवाळीत.”

मला ते पटले. आमच्याकडे अनुक्रम हा पुण्याचा भाग असतो. समजले नाही तरी चालते. अध्याय गाळलेला चालत नाही. एखाद्या गोष्टीला आकडे दिले असतील तर तिच्यात पायऱ्या असणारच, आणि पहिल्या पायरीवर पाय न ठेवता सातवीवर गेलेला माणूस पडणारच, असे मी धरून चाललो. जपानी माणसाने मनात दुसरे काही ठेवून आकडे टाकले असतील अशी शंका मस्तगडात कुणाला आली नसती.

पहिला भाग म्हणजे राखाडी चौकटी. चौकटींवर चालणारी चार ठिपक्यांची माणसे. त्यांना नावेही आपणच द्यायची. आम्ही घरातली नावे दिली. काका ढाल घेऊन पुढे, काकू जखमा भरायला, मी आणि दादा तलवारी घेऊन. कीबोर्ड एकच, म्हणून वाटणी केली. डावीकडे मी: चालायचे. उजवीकडे तो: लढायचे. अंगात बळ येईपर्यंत पुढच्या गावात जाता येत नसे, आणि बळ यावे म्हणून एकाच कुरणात तेच बेडूक मारावे लागत. आम्ही दोन-तीन आठवडे बेडूक मारले. मला कंटाळा आला नाही, हे आज सांगताना संकोच वाटतो. बाहेर ऊन भाजत असे, त्याचा घामेजलेला खांदा माझ्या खांद्याला लागलेला असे, आणि मी अखंड बोलत असे. हा राजा असा का वागला, या विहिरीत काय असेल, सातव्या भागापर्यंत आपले काका जिवंत राहतील का.

“राहतील,” दादा म्हणाला. “तू चाल.”

मग एका सकाळी क्लासच्या सरांच्या घरी कुणी वारले आणि आम्हाला साडेआठलाच सोडले. मी जवळजवळ पळतच आलो. अडीच तास जास्तीचे मिळाले होते. गच्चीवरून काकूंनी विचारले, “एवढ्या जल्दी कसा रे?” मी उत्तर न देता खोलीत शिरलो.

पडद्यावर चौकटी नव्हत्या. बंदराचे एक गाव होते, मावळतीचा तांबूस उजेड, आणि धक्क्यावर पाय सोडून बसलेला एक म्हातारा खलाशी. कुठूनतरी बासरी वाजत होती. दादाचे डोळे ओले होते आणि त्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

ते दोन हात मला अजून दिसतात. चालत होता तोच, लढत होता तोच.

त्याने पडदा झाकायचा प्रयत्न केला. सतरा इंची पडदा तळहाताने झाकत नाही. कोपऱ्यात खेळलेला वेळ दिसत होता: अडतीस तास. माझा क्लास चार तासांचा. गणितात मी बरा होतो. निदान साडेनऊ सकाळी.

“हा सातवा आहे,” मी म्हणालो.

“तुझ्यासाठीच बघून राह्यलो. पुढं चांगलाय का न्हाई.”

“अडतीस तास?”

“मोठाय तो.”

“आन् अध्याय?”

त्यावर दादा जे बोलला ते त्याने माझी समजूत काढण्यासाठी म्हटले, हे मला मान्य आहे. तो म्हणाला, “अरे, पहिल्याचा आन् सातव्याचा काहीच संबंध न्हाई. दर वेळी माणसं नवी, दुनिया नवी. नंबर नुसता नावाला.”

मी खाटेवर बसलो. काका सातव्यापर्यंत जिवंत राहणार नव्हते. ते दुसऱ्यातही नव्हते. ज्या बेडकांवर मी एप्रिल घालवला होता, त्यांची नोंद पुढे कुठेही होणार नव्हती. आणि हे त्याला माहीत होते. मी बोलत होतो आणि तो “राहतील” म्हणत होता, तेव्हाही माहीत होते.

“मंग मला पहिला कशाला लावला?”

“सुरुवात पहिल्यापासूनच करावी,” तो म्हणाला, आणि ओल्या डोळ्यांनी पुन्हा पडद्याकडे वळला.

पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा विश्वासघातावरची थोर पाने मी बरीच वाचली. त्यांत खंजीर असतात, विष असते, रात्रीचे खलिते असतात. एकाही ठिकाणी मला तो प्रसंग सापडला नाही, जिथे माणूस आपल्या माणसाला बेडकांच्या कुरणात गुंतवून स्वतः समुद्रावर रडायला जातो. मोठ्या लोकांचे विश्वासघात मोठे असतात, त्यांवर नाटके होतात. आमच्या वाट्याला आलेल्याचे काय करायचे, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

मी दादाला म्हणालो, आता सातवा दोघे मिळून खेळू. तो म्हणाला, तू आधी पहिला संपव. मी म्हणालो, मग मी शेजारी नुसता बसतो. तो म्हणाला, तुला मधूनच काही कळणार न्हाई. दुपारी पुन्हा राखाडी कुरण. मी चालत होतो, तो लढत होता, आणि पहिल्यांदाच आमच्यात कुणी बोलत नव्हते.

मे महिन्यात अंकुशनगरला काकूंच्या भाचीचे लग्न निघाले. साखर कारखान्याच्या वसाहतीतले लग्न, मांडवात थंड पाण्याचे जार, सगळे घर शनिवारी निघाले. मी सोमवारी टेस्ट आहे असे सांगून राहिलो. टेस्ट खरीच होती.

रविवारी दुपारी मी सातव्या भागाची सीडी घातली. जतन केलेल्या मुक्कामांच्या यादीत एकच ओळ होती: दादाने आपल्या नायकाला दिलेले स्वतःचे नाव आणि सेहेचाळीस तास. मला आपल्या नावाने वेगळा डाव सुरू करता आला असता. यादी नुसती पाहून बंद करता आली असती. मी ‘पुसा’ निवडले. खेळाने विचारले, नक्की? अशा खेळांत पिवळा बाण आपसूक ‘नाही’वर उभा असतो, ‘होय’वर तो मुद्दाम न्यावा लागतो. चालायचे काम माझेच होते. मी नेला.

मग कूलर चालू होता तरी मला फार उकडले. मी गच्चीवर गेलो आणि वाळलेल्या कुरडया डब्यात भरून ठेवल्या. काकूंनी सांगितले नव्हते.

सोमवारी दादा आला, हातात लग्नातल्या बुंदीची पिशवी. पिशवी माझ्याकडे देऊन तो संगणकासमोर बसला. मग म्हणाला, “पम्या, सातवा रिकामा दिसून राह्यला.”

“काल लाईट गेल्ती,” मी म्हणालो. “तेव्हाच फाईल उडाली असंल.”

“तू लावला होता?”

“नुसता बघायला.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग वर भिंतीकडे, मग परत पडद्याकडे. “हां,” म्हणाला. “लाईट.” तो रागावला नाही. मला हायसे वाटले, आणि ते हायसे वाटणे पुढे वीस वर्षे बोचत राहिले.

जूनमध्ये मी हसनाबादला परतलो. पहिला भाग आम्ही संपवला नाही.

दादाचे राहिलेले विषय पुढेही राहिले. त्याने मस्तगडातच इन्व्हर्टर-बॅटरीचे दुकान टाकले आणि ते चालले. गिऱ्हाईक आले की तो बॅटरीवर हात ठेवून सांगतो, “माझं ऐका साहेब. लाईटनं माझी साठ तासांची मेहनत एका झटक्यात नेली. तेव्हाच ठरवलं, घरात इन्व्हर्टर पाहिजे.” सेहेचाळीसचे साठ झाले, साठाचे ऐंशी झाले, अलीकडे शंभर ऐकतो. लोक हळहळतात आणि मोठी बॅटरी घेतात. ही गोष्ट मी दुकानात ऐकली, लग्नांत ऐकली, काकांच्या तेराव्यालाही ऐकली. दर वेळी तास वाढले की माझा अपराधही तेवढा वाढे. सगळ्यांबरोबर मी वीज खात्याला नावे ठेवत असे. त्या खात्याने पुष्कळ काही केले असेल, हे केले नव्हते.

यंदाही त्याने ती सांगितली. पन्ह्याचे पेले हातात होते, ईश्वरी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. त्याची आरोळी ऐकूनही मी तिला म्हणालो होतो, कुठूनही सुरू कर, आकडे नावाला असतात. दादा बाहेर येऊन म्हणाला, असं कसं, पहिल्यापासूनच. आणि ओघात अंकुशनगरचे लग्न आले, शंभर तास आले.

ईश्वरीने मान वर केली. नुकतीच परीक्षा दिलेल्या मुलीला प्रश्नातली राहून गेलेली माहिती लगेच दिसते. “पप्पा, तुम्ही तर लग्नाला गेला होता ना? मंग घरी कोण होतं?”

“हा होता.”

“काका, लाईट किती वाजता गेलती?”

वीस वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. समोरच्या भिंतीवर ते कात्रण आता नव्हते, पण चिकटवल्याचा पिवळट चौकोन रंगाखालून अजून दिसत होता. आपण सांगितले तर हा माणूस उठून आत जाईल, दिवाळीला फोन येणार नाही, हसनाबादच्या शेताच्या वाटणीत आजवर जे गोडीने चालले ते चालणार नाही, असे सगळे मला एका क्षणात दिसले. तरी मी म्हणालो, “लाईट गेलीच न्हाई. मी पुसलं.”

दादाने पन्ह्याचा शेवटचा घोट घेतला.

“माहितीय,” तो म्हणाला. “रविवार होता.”

खोलीत पंखा फिरत होता. इन्व्हर्टरवर होता की लाईटवर, या घरात कळत नाही.

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून. वर बघितलं ना मी. रविवारी रेघ.”

“मंग बोलला का न्हाईस? आन् दुकानात सगळ्यांना लाईट, लाईट...”

“मंग काय सांगू? चुलतभावानं पुसलं? त्याच्यावर इन्व्हर्टर खपत न्हाई, पम्या.”

ईश्वरी हसली. मीही हसलो असेन. पण आतून काहीतरी काढून नेल्यासारखे झाले. वीस वर्षे मी एक अपराध सांभाळला होता. त्याला ऊन लागू दिले नव्हते, वारा लागू दिला नव्हता. दर दिवाळीला भावापेक्षा एक लाडू कमी खाऊन मी त्याचे प्रायश्चित्त घेत होतो. आणि तो अपराध पहिल्या सोमवारपासून त्याला ठाऊक होता, पुढे तर दुकानाच्या काउंटरवर मांडलेला होता. त्याने मला दुसऱ्यांदा तसेच फसवले होते: मी कुरणात, आणि तो पुढच्या भागात.

तरी मी विचारलेच. इतक्या वर्षांनी विचारायला तेवढेच उरले होते. “सातवा मला का न्हाई खेळू दिला?”

दादाने पेला उपडा करून ठेवला. खोटे शोधायला त्याने थोडा वेळ घेतला असता तर मला बरे वाटले असते. “एकट्याला खेळायचा होता,” तो म्हणाला. “तू शेजारी बसला की लई बोलायचास रे.”

“पप्पा, पण तुम्ही नंतर तो संपवला का?”

“न्हाई.”

“का?”

“पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.”

तो उठला, जाताना माझ्या खांद्यावर हात टेकून गेला. उठताना त्याला हल्ली आधार लागतो, गुडघे दुखतात. मी त्यातून जास्त काही काढू इच्छित नाही. बाहेर ऊन तसेच होते. कुणाच्या तरी गच्चीवरून चिकाचा वास आला, आणि वीस वर्षांपूर्वीचा राग अगदी तसाच वर आला. कुणावर रागवायचे हे मात्र आता नीट सांगता येईना.

मी ईश्वरीकडे वळलो. म्हणालो, हे बघ, सुरुवात ही गंभीर गोष्ट असते. क्रमाचे म्हणणे एक आहे, आवडीचे म्हणणे एक आहे, दोन्ही बाजू नीट समजून घे आणि मग ठरव.

तिने चौथा भाग सुरूही केला होता. लॅपटॉपमध्ये तेवढीच जागा शिल्लक होती.